ग्रंथमेळ्याच्या आठवड्यात फ्रँकफर्टला खोली शोधताना

युरोपात जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. जाणार कधी, परतणार कधी, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढला आहे का, खात्यात पैसे आहेत का, हे सगळं दाखवून झालं की झोपणार कुठे हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर प्रत्येक रात्रीसाठी कागदावर द्यावं लागतं. बाकीचे कागद पटापट जमले. या एका कागदाने मात्र कित्येक आठवडे घेतले, कारण आम्हाला जायचं होतं फ्रँकफर्टला, ऑक्टोबरात, ग्रंथमेळ्याच्या आठवड्यात.

मी एक लहान प्रकाशनसंस्था चालवते. मुलांची पुस्तकं आणि अनुवाद ही आमची मुख्य कामं. फ्रँकफर्टला पुस्तकं विकायला कुणी जात नाही. तिथे पुस्तकांच्या अनुवादाचे आणि प्रकाशनाचे हक्क विकले आणि घेतले जातात. अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी महिनोन्‌महिने आधी ठरलेल्या असतात. सकाळी नऊला पहिली भेट, संध्याकाळी शेवटची, आणि रात्री खोलीवर जाऊन दिवसभराच्या टिपणांवरून हात फिरवायचा, कुणाला कुठलं पुस्तक पाठवायचं ते लिहून ठेवायचं. हे काम करायला एक टेबल, एक दिवा आणि सहा तासांची शांत झोप लागते. खोली म्हणजे ऐश नव्हे, ते कामाचं साधन आहे, हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण ‘कुठेही पाठ टेकता आली की झालं’ असा सल्ला देणारे खूप भेटले. चार दिवस परक्या भाषेत सतत बोलून झाल्यावर माणसाला कुठेही पाठ टेकता येत नाही.

आधी त्या गर्दीबद्दल. आजच्या स्वरूपातला हा मेळा १९४९ साली सुरू झाला, पण या शहरातल्या पुस्तकबाजाराची परंपरा पाचशे वर्षांहून जुनी आहे. युरोपात खिळ्यांच्या छपाईचं तंत्र जिथे जन्मलं ते माइन्त्स इथून जवळच. भारत इथे १९८६ आणि २००६ अशा दोन वर्षी मेळ्याचा मानाचा पाहुणा देश होता. २०२४ च्या मेळ्याला १,१५,००० व्यावसायिक आणि तितकेच सर्वसाधारण वाचक आले होते. शहराची स्वतःची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. त्यात फ्रँकफर्ट हे बँकांचं शहर, त्यामुळे तिथली हॉटेलं मुळातच सोमवार ते गुरुवार कामासाठी येणाऱ्यांच्या जोरावर चालतात. त्यांच्यावर हा मेळा येऊन पडतो. मोठ्या प्रकाशनसंस्था एका वर्षीचा मेळा संपता संपता पुढच्या वर्षीच्या खोल्या धरून ठेवतात. उरलेल्या खोल्यांचे दर मग मागणी बघून रोज बदलत राहतात. एरवी शंभर युरोंच्या आसपास मिळणारी साधी खोली त्या आठवड्यात तीनशेच्या वर गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि ती मेळ्याच्या मैदानाला लागून नव्हती, रेल्वेच्या पलीकडे होती.

पहिली यादी मी जशी कुणीही करेल तशीच केली होती. नकाशावर मेळ्याचं मैदान मध्यभागी धरलं, भोवती वर्तुळ काढलं आणि स्वस्तापासून महागापर्यंत हॉटेलं लावली. वर्तुळाच्या आतलं सगळं आमच्या आवाक्याबाहेर होतं. वर्तुळ मोठं केलं तरी फरक पडेना. सोबत येणाऱ्या संपादक मैत्रिणीने एका संध्याकाळी स्पष्टच विचारलं, “अगं, या पैशांत आपलं एक अख्खं पुस्तक छापून होईल. जायलाच हवं का?”

जायलाच हवं होतं. पण तिचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. लहान प्रकाशकांनी या मेळ्याला जाणं थांबवलं, तर त्यामागे दालनाचं भाडं किंवा विमानाचं तिकीट नसतं. ते हिशेबात आधीच धरलेलं असतं. पाच-सहा रात्रींचं हॉटेल हा खर्च असा आहे की तो ऐन वेळी हिशेब उलटवतो. लहान भाषांमधली पुस्तकं त्या टेबलांपर्यंत पोचत नाहीत याचं एक कारण इतकं साधं आहे, आणि मला ते फार लागतं.

वाट दाखवली ती एका ज्येष्ठ प्रकाशकांनी. ते पूर्वी बऱ्याचदा जाऊन आलेले. त्यांना मी काका म्हणते. फोनवर त्यांनी माझी सगळी यादी ऐकून घेतली आणि विचारलं, “तू हॉटेलं बघतेयस की गाड्या?”

“हॉटेलं, काका.”

“मग आधी गाड्यांचा नकाशा काढ. मेसे नावाचं स्टेशन शोध. तिथून कुठल्या गाड्या जातात ते बघ, आणि त्या जिथपर्यंत जातात तिथपर्यंत तूही जा. मैदानापासून किती किलोमीटर ते विचारूच नकोस. किती मिनिटं आणि गाडी बदलावी लागते का, एवढंच विचार.”

मी तो नकाशा काढला, आणि त्यानंतर सगळा शोधच बदलला. फ्रँकफर्टच्या उपनगरी रेल्वेच्या एस-३, एस-४, एस-५ आणि एस-६ या चारही मार्गांच्या गाड्या मेसे स्टेशनावर थांबतात. स्टेशनातून वर आलं की आपण मेळ्याच्या दारातच असतो. उत्तरेकडे एस-३ एश्बोर्नवरून बाद झोडेनला जाते आणि एस-४ एश्बोर्नवरून क्रोनबर्गला. एस-५ ओबरउर्सेल आणि बाद होम्बुर्गवरून फ्रीडरिख्सडोर्फला जाते. एस-६ बाद फिल्बेल आणि ग्रोस-कार्बेनवरून फ्रीडबर्गला. दक्षिणेला एस-४ लांगेनपर्यंत आणि एस-३ थेट डार्मश्टाटपर्यंत. या गावांतून निघालं तर गाडी बदलावी लागत नाही. बाद होम्बुर्गहून वीसेक मिनिटं लागतात. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलातून ट्राम आणि मग मेट्रो करत यायला याहून जास्त वेळ जातो.

दुसरा गट विमानतळाच्या बाजूचा. एस-८ आणि एस-९ वीसबाडेनकडून विमानतळावरून शहरात येतात, त्यातली एस-८ माइन्त्सवरून, आणि पुढे ऑफनबाखवरून हानाऊपर्यंत जातात. त्या मेसेला थांबत नाहीत. मुख्य स्टेशनावर उतरून गाडी बदलायची, किंवा तिथून यू-४ मेट्रोचा एकच थांबा. चालत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटांत मैदान येतं. माइन्त्स आणि ऑफनबाखची हॉटेलं फ्रँकफर्टपेक्षा स्वस्त होती, पण मेळ्याला येणाऱ्यांना ही दोन नावं पाठ झालेली आहेत, त्यामुळे तिथलेही दर चढलेले होते. काही जण तर मानहाइमला राहतात आणि वेगवान गाडीने चाळीसेक मिनिटांत येतात. त्या गाडीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते आधी काढलं नाही तर महाग पडतं, आणि ती उशिरा आली की सकाळची पहिली भेट हातची जाते. तो मार्ग मी सोडून दिला.

तिकिटाचं एक महत्त्वाचं. मेळ्याच्या प्रवेशिकेवरच त्या भागातल्या आरएमव्ही या वाहतूक संस्थेच्या गाड्यांनी प्रवास करता येतो. म्हणजे लांब राहिल्यामुळे रोजचा प्रवासखर्च वाढेल, ही भीती निराधार ठरली. प्रवेशिका कुठल्या दिवशी आणि कुठल्या पट्ट्यापर्यंत चालते ते तिच्यावर छापलेलं असतं. खोली ठरवण्याआधी ते वाचून घेतलं.

आता पर्याय. सगळे सारख्या तपशिलात सांगत नाही, कारण काही लगेच बाद झाले.

माइन नदीच्या काठावर, झाक्सनहाउझेन भागात युवा वसतिगृह आहे. जागा सुरेख, सामाईक खोलीत खाट मिळते. विद्यार्थ्यांसाठी किंवा फक्त मेळा बघायला येणाऱ्यांसाठी मी तेच सुचवेन. आमच्याजवळ नमुना प्रतींच्या बॅगा होत्या आणि रात्री बसून काम करायचं होतं, म्हणून ते जमणार नव्हतं.

मुख्य स्टेशनासमोरच्या वस्तीत, कायझरश्ट्रासेच्या आजूबाजूला, हॉटेलं दाटीवाटीने आहेत आणि त्यांतली काही खरंच परवडतात. ही वस्ती उघड्यावर चालणाऱ्या अमली पदार्थांच्या सेवनासाठी आणि वेश्याव्यवसायासाठी ओळखली जाते. हजारो लोक तिथे राहतात आणि त्यांना काही होत नाही, हे खरं आहे. पण रात्री अकराला लॅपटॉप आणि बॅगा घेऊन दोन बायकांनी त्या गल्ल्यांतून रोज परतायचं, यात मनावर जो ताण येईल तो मला नको होता. ज्यांना चालेल त्यांनी जरूर बघावं. गल्ली कुठली आणि दार कुठल्या रस्त्यावर उघडतं ते मात्र नकाशातल्या छायाचित्रांवरून पाहून घ्यावं. एकाच वस्तीतल्या दोन रस्त्यांमध्ये खूप फरक आहे.

मग मला मोंट्योरत्सिमर या प्रकाराचा पत्ता लागला. जर्मनीत दुसऱ्या गावी कामाला जाणारे फिटर, वायरमन, बांधकाम कामगार आठवड्याच्या बोलीने खोल्या घेतात. अशा खोल्या औद्योगिक गावांमध्ये असतात, साध्या असतात, बहुधा स्वयंपाकाची सोय असते, आणि ग्रंथमेळ्याचा त्यांच्या भाड्यावर फारसा परिणाम होत नाही, कारण त्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे. मला ही कल्पना फार आवडली होती. अडचण निघाली ती व्हिसाच्या कागदाची. आम्ही ज्यांना लिहिलं त्यांतल्या बहुतेकांची पद्धत रोखीची, येऊन किल्ली घ्या अशी. नावानिशी पत्र द्यायची त्यांची तयारी नव्हती. ज्यांच्याकडे आधीच दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे किंवा जे युरोपातच राहतात, त्यांच्यासाठी हा पर्याय फारच चांगला आहे.

याच काळात मेल येऊ लागले. दालनधारकांच्या यादीत आमचं नाव गेलं आणि थोड्याच दिवसांत ‘मेळ्याच्या निवास विभागा’कडून म्हणून पत्रं आली. भाषा सफाईदार, मेळ्याचं नाव ठळक अक्षरांत, आणि दर आश्चर्यकारकरीत्या कमी. एका पत्रात लिहिलं होतं की आमच्यासाठी मैदानाजवळच्या हॉटेलात खोली राखून ठेवली आहे, पूर्ण रक्कम दोन दिवसांत भरा, रद्द केल्यास परतावा नाही. मैत्रीण हरखली होती. मी त्या हॉटेलचा नंबर हॉटेलच्याच संकेतस्थळावरून घेतला आणि फोन लावला. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं की या नावाच्या कुणालाही आम्ही खोल्या दिलेल्या नाहीत. अशी पत्रं जगभरातल्या मोठ्या प्रदर्शनांच्या दालनधारकांना जातात. हॉटेलशी स्वतः बोलून खात्री होईपर्यंत एक पैसाही द्यायचा नाही, आणि हॉटेलचा नंबर त्या पत्रातला घ्यायचा नाही. एखाद्या लहान संस्थेची वर्षाची शिल्लक अशी एका मेलमध्ये जाऊ शकते, म्हणून हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगते.

व्हिसासाठी तूर्त काहीतरी हातात हवं होतं. तेव्हा मी डार्मश्टाटमध्ये एक खोली घेतली, जी ठरावीक तारखेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येत होती. भाडं बरंच होतं, पण रात्री सुरक्षित झाल्या. इथे एक गोष्ट कळली. मेळ्याच्या दिवसांसाठी हॉटेलांचे रद्द करण्याचे नियम वेगळे असतात. एरवी आदल्या दिवसापर्यंत खोली सोडता येते. मेळ्याच्या रात्रींसाठी ती मुदत कित्येक आठवडे आधी संपते. काही ठिकाणी किमान तीन किंवा चार रात्रींची अट असते. म्हणून ‘मोफत रद्द करता येईल’ एवढं वाचून थांबायचं नाही, तारीख बघायची. ती तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली.

याच मुदतींचा एक फायदाही आहे, आणि तो मला काकांनी सांगितला नव्हता. मोठ्या संस्थांनी जास्तीच्या धरून ठेवलेल्या खोल्या त्या त्या मुदतीच्या आत परत केल्या जातात. त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस, कुठेही काही शिल्लक नाही असं दिसत असतानाच, अधूनमधून खोल्या पुन्हा बाजारात येतात. त्या फार स्वस्त नसतात, पण ठीक दरात असतात आणि काही तासच टिकतात. हातात रद्द करण्याजोगी खोली असेल तर या काळात डोकं शांत ठेवून वाट बघता येते. हातात काहीच नसेल तर माणूस घाबरून पहिली दिसेल ती घेतो.

आम्हाला खोली मिळाली ती मात्र पत्र लिहून. बुकिंगच्या मोठ्या संकेतस्थळांवर नसलेली, किंवा तिथे ‘शिल्लक नाही’ दाखवणारी लहान अतिथिगृहं या चारही रेल्वेमार्गांवरच्या गावांत आहेत. बऱ्याच गावांच्या नगरपालिकांच्या संकेतस्थळांवर निवासव्यवस्थेची यादी असते. ती यादी घेऊन मी जर्मनमध्ये छोटं पत्र तयार केलं. आम्ही कोण, कुठल्या रात्री, दोन स्वतंत्र गाद्या हव्यात, स्टेशनपासून चालत किती वेळ, व्हिसासाठी दोघींच्या नावांनी पत्र देऊ शकाल का. एवढंच. जर्मन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने ते तपासून दिलं. मला वाटतं, त्या पत्राचा उपयोग भाषेमुळे जेवढा झाला तेवढाच तपशिलामुळे झाला. ‘खोली आहे का’ असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायला पुन्हा चार प्रश्न विचारावे लागतात. आमच्या पत्राला हो किंवा नाही म्हणता येत होतं.

बहुतेकांनी नाही म्हटलं, आणि तेही त्याच दिवशी. काहींनी शेजारच्या अतिथिगृहाचं नाव दिलं. एस-६ वरच्या एका लहान गावातून मात्र होकार आला. अतिथिगृह एक वयस्कर बाई चालवतात. त्यांनी लिहिलं की आमच्याकडे दरवर्षी एक पुस्तकविक्रेते यायचे, ते आता निवृत्त झाले, त्यांची खोली मोकळी आहे. दर माणशी होता. हे इथे आवर्जून सांगायला हवं, कारण हॉटेलं खोलीचा दर सांगतात आणि लहान अतिथिगृहं बऱ्याचदा माणशी दर सांगतात; तुलना करताना दुप्पट करून मगच बघावं. दुप्पट करूनही तो डार्मश्टाटच्या निम्म्याच्या आसपास होता, आणि त्यात सकाळचा नाश्ता धरलेला होता. हॉटेलात नाश्ता वेगळा आकारतात, आणि दोघींचा पाच दिवसांचा नाश्ता ही काही किरकोळ रक्कम नाही.

बाईंनी अतिथिगृहाच्या शीर्षपत्रावर सहीशिक्क्यानिशी पत्र पाठवलं. त्यात आमची नावं, पारपत्र क्रमांक, आगमन आणि प्रस्थान सगळं होतं. ते हातात आल्यावर, लाल शाईच्या तारखेच्या बऱ्याच आधी, मी डार्मश्टाटची खोली सोडून दिली. व्हिसाचा अर्ज या नव्या पत्रावरच केला. अर्ज आधी झाला असता तरी मुक्काम बदलता येतो, फक्त नव्या जागेचे कागद सोबत ठेवायचे, कारण विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो.

मग रात्रींचा हिशेब. मेळा बुधवार ते रविवार असतो. उद्‌घाटन मंगळवारी संध्याकाळी होतं. एजंट आणि हक्कविक्री करणारे सोमवारी-मंगळवारी येतात आणि शुक्रवारपासून निघायला लागतात. शेवटच्या दिवसांत वाचकांची प्रचंड गर्दी असते, कथांतल्या पात्रांचे पोशाख घालून आलेली तरुण मुलं सगळीकडे असतात. पण त्यांतले कितीतरी जण जवळपासचेच असतात आणि रात्री घरी जातात. म्हणजे मैदानावर सर्वांत जास्त माणसं शनिवारी असली, तरी हॉटेलांवर सर्वांत जास्त ताण असतो तो मंगळवार, बुधवार आणि गुरुवारच्या रात्री. मी तारखा एकेक करून तपासल्या आणि तसंच दिसलं. शहरातल्या ज्या हॉटेलचा बुधवारचा दर बघून मी पान बंद केलं होतं, त्याचाच शनिवारचा दर निम्म्याहून खाली होता, आणि रविवारचा त्याहून कमी. सगळ्या रात्रींचं एकत्र बुकिंग करायला गेलं की संकेतस्थळ सरासरी दाखवतं आणि हे दिसतच नाही.

म्हणून आम्ही मुक्काम दोन ठिकाणी विभागला. सोमवार ते शनिवार सकाळ गावात, आणि शनिवार-रविवारच्या रात्री बोकेनहाइम भागात, मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एकदा सामान हलवावं लागलं. शनिवारी सकाळी बॅगा शहरातल्या हॉटेलात ठेवून घेतल्या आणि आम्ही मैदानावर गेलो. खोली तयार नसली तरी सामान ठेवून घ्यायला हॉटेलं नाही म्हणत नाहीत.

गावातल्या राहण्याचे तोटेही सांगते. अतिथिगृहाचं रिसेप्शन संध्याकाळीच बंद होतं. आमचं विमान रात्री उतरणार होतं, म्हणून बाईंनी दाराजवळच्या छोट्या कुलूपबंद पेटीत किल्ली ठेवली आणि तिचा क्रमांक मेलने कळवला. हे आधी विचारलं नसतं तर बंद दारासमोर उभं राहायची वेळ आली असती. दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुण्यांसाठीचा नोंदणी अर्ज भरून सही करून दिली. जर्मन नागरिकांसाठी तो २०२५ पासून बंद झाला आहे, परदेशी पाहुण्यांना अजून भरावा लागतो.

खरा तोटा संध्याकाळचा. मेळ्यातलं अर्धं काम मैदानाचे दरवाजे बंद झाल्यावर होतं. प्रकाशनसंस्थांच्या पार्ट्या, मग फ्रँकफर्टर होफसारख्या जुन्या हॉटेलात मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गप्पा. तिथे राहायला परवडत नसलेली कितीतरी माणसं फक्त भेटायला तिथे जातात. आमच्या मार्गावर संध्याकाळी अर्ध्या अर्ध्या तासाने गाडी होती. एक चुकली तर फलाटावर थंडीत थांबायचं. रुळांचं काम निघालं तर रात्री उशिरा गाडीऐवजी बस सोडतात, त्यात वेळ दुप्पट जातो. तेव्हा आम्ही ठरवलं की दोघींपैकी एकीनेच उशिरापर्यंत थांबायचं असं नाही, दोघींनी एकत्रच परतायचं, आणि शेवटच्या गाडीवर भिस्त न ठेवता तिच्या आधीची पकडायची. काही भेटी त्यामुळे राहिल्या. ज्यांचं काम मुख्यतः रात्रीच्या भेटींवर चालतं, अशा माणसाला मी गावात राहायला सांगणार नाही. त्याने मंगळवार ते गुरुवार शहरातली लहानशी खोली वाटून घ्यावी आणि बाकीच्या रात्री कुठेही काढाव्यात.

आमच्यासाठी सकाळ महत्त्वाची होती, आणि सकाळ फार चांगली जायची. बाई साडेसहाला नाश्ता मांडायच्या. सातच्या सुमारास गाडीत बसायला जागा मिळायची. त्या अर्ध्या तासात आम्ही दिवसाच्या भेटींची यादी वाचायचो, कुठल्या टेबलावर कुठलं पुस्तक आधी काढायचं ते ठरवायचो. दारापासून दारापर्यंत पाऊण तास लागायचा. मेसे स्टेशनावर उतरताना आमचं सगळं ठरलेलं असायचं. रात्री परतल्यावर खोलीत खिडकीशी टेबल होतं, दिवा चांगला होता. त्या टेबलावर आम्ही जी टिपणं केली त्यांतून दोन पुस्तकांचे करार पुढे झाले.

अजून एक पर्याय सांगायला हवा, कारण तो अनेकांना माहीत नसतो. मेळ्याचा स्वतःचा निमंत्रण कार्यक्रम आहे. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या लहान, स्वतंत्र प्रकाशकांना त्यातून दालन आणि राहण्याची सोय मिळते. निवड होते, सगळ्यांना मिळत नाही, पण अर्ज करायला काही लागत नाही. मराठीतल्या लहान प्रकाशकांनी तो दरवर्षी करावा असं मला मनापासून वाटतं. खोलीच्या शोधात जो वेळ आणि धीर जातो तो पुस्तकांच्या परिचयपत्रकांसाठी वापरता येईल.

पुढच्या मेळ्याच्या तारखा आधीच जाहीर झालेल्या असतात. शनिवारी सकाळी बाईंचा हिशेब चुकता करताना मी त्या तारखा लिहिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वही काढली, सोमवार ते शनिवार आमची नावं लिहिली आणि आगाऊ रक्कम घ्यायला नकार दिला. येणार नसाल तर ऑगस्टच्या आत कळवा, म्हणजे खोली दुसऱ्या कुणाला देता येईल, एवढीच त्यांची अट होती. मी ती तारीख तिथेच लिहून घेतली. आमच्या ओळखीचे आणखी एक अनुवादक यायचं म्हणत होते, तर शेजारच्या रस्त्यावर आपल्या बहिणीकडेही एक खोली आहे असं बाई म्हणाल्या. तो पत्ता मी घेऊन आले आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मला विचारावं, पण त्या बहिणीला इंग्रजी येत नाही, तेव्हा पत्र जर्मनमध्येच लिहावं लागेल.